कागदी मुकुट आणि खरा खून

गेल्या नाताळात, बॉक्सिंग डेच्या (नाताळच्या दुसऱ्या दिवसाच्या) संध्याकाळी, ब्रिस्टलमधल्या आमच्या घरी आठ जण सोफ्यावर दाटीवाटीने बसलो होतो. क्रॅकर, म्हणजे दोघांनी दोन टोकांना धरून ओढायच्या कागदी नळ्या, ओढून झाले होते आणि त्यांतून निघालेले पातळ कागदाचे मुकुट सगळ्यांच्या डोक्यावर होते. मिन्स पाय (सुक्या मेव्याचं सारण भरलेले नाताळचे पाय) आणि आईने पाठवलेल्या चकल्या एकाच ताटात. टीव्हीवर खऱ्या खुनावरची मालिका लावली. दहाच मिनिटांत माझी लेक म्हणाली, "यानेच केलंय. डोळे बघ ना त्याचे!" सगळे हसले, शेजारच्या आजी सोडून. त्यांनी मुकुट काढला, घडी घालून मांडीवर ठेवला आणि म्हणाल्या, "आमच्याकडे केसांवरून ठरवलं होतं."

आजी मूळच्या ब्रिस्टलमधल्याच क्लिफ्टन भागातल्या. डिसेंबर २०१० मध्ये तिथली पंचवीस वर्षांची मुलगी बेपत्ता झाली आणि नाताळच्या सकाळी तिचा मृतदेह सापडला. पाच दिवसांनी पोलिसांनी तिचे घरमालक, निवृत्त शिक्षक ख्रिस्तोफर जेफ्रीज यांना पकडलं. एकटे राहतात, केस विचित्र, कवितांची आवड. एवढ्या भांडवलावर वर्तमानपत्रांनी त्यांना जवळजवळ खुनी ठरवलं. खुनी निघाला शेजारच्या फ्लॅटमधला माणूस. जुलै २०११ मध्ये आठ वर्तमानपत्रांना जेफ्रीज यांना अब्रुनुकसानीची भरपाई द्यावी लागली. कोर्टाच्या अवमानाबद्दल 'मिरर'ला ५० हजार आणि 'सन'ला १८ हजार पौंड दंड झाला.

हे मी पुण्याच्या दादाला फोनवर सांगितलं, कारण आमचा वाद जुनाच आहे. २०२४ मध्ये मुलीच्या खुनाचा आरोप असलेल्या इंद्राणी मुखर्जीवरची मालिका आली, तेव्हा खटला चालू होता. सीबीआयने ती थांबवायला सांगितलं. हायकोर्टाच्या न्यायमूर्तींनी ती आधी पाहिली आणि आक्षेपार्ह काही न आढळल्याने अडवली नाही. दादाला असल्या मालिकांवर सरसकट बंदी हवी. वहिनी म्हणते, मोठ्या माणसांनी काय बघायचं ते कुणी सांगू नये. मला वहिनीचं पटतं. पण ब्रिस्टलमध्ये राहून एक गोष्ट दिसली, जी दोघांच्याही बोलण्यात येत नाही.

इथल्या कोर्टाच्या अवमानाच्या १९८१च्या कायद्यानुसार माणसाला अटक झाली की संरक्षण सुरू होतं. खटल्याला गंभीर बाधा येईल असं काही छापता येत नाही. आपल्या भारतातल्या १९७१च्या अवमान कायद्यात फौजदारी प्रकरण कोर्टात प्रलंबित धरलं जातं ते आरोपपत्र दाखल झाल्यावर, किंवा समन्स-वॉरंट निघाल्यावर. आणि आपल्याकडे सगळ्यात जास्त आरडाओरडा होतो तो अटक आणि आरोपपत्र यांच्या मधल्या दिवसांत! सुशांतसिंह राजपूत प्रकरणात मुंबई हायकोर्टाने जानेवारी २०२१ मध्ये दोन वाहिन्यांचं वार्तांकन प्रथमदर्शनी अवमानकारक म्हटलं, तपासाच्या काळातही असं करू नये असं बजावलं, पण कारवाई केली नाही. दंड न होता मिळालेली समज किती दिवस लक्षात राहते?

परदेशात सगळं छान, असं मी म्हणत नाही. क्लिफ्टनमध्ये जे झालं ते कायदा असूनही झालं. आणि नाताळाच्या तोंडावर खरे खून विकायला आणायची रीतही इकडच्या देशांतलीच. खऱ्या खुनावरच्या 'मेकिंग अ मर्डरर' या अमेरिकन मालिकेचे दहाही भाग २०१५ मध्ये १८ डिसेंबरला एकदम आले. त्यातल्या मेलेल्या मुलीच्या घरच्यांनी त्याआधीच सांगितलं होतं की आमच्या दुःखातून करमणूक आणि नफा काढला जातोय, याचं वाईट वाटतं. आपल्याला तरी हे नवीन कुठे आहे? १९५९ मध्ये बायकोचा प्रियकर आहुजा याला गोळ्या घालणाऱ्या नौदल अधिकारी नानावटींचा खटला गाजत होता, तेव्हा मुंबईच्या रस्त्यांवर 'आहुजा टॉवेल' आणि खेळण्यातलं 'नानावटी रिव्हॉल्व्हर' विकलं जात होतं.

त्या संध्याकाळी टीव्ही बंद झाला. लेकीला मी रागावले नाही. हसण्यात मीही होते. तिने आजींना विचारलं, "मग ते सर कसे होते?" आजींनी वेळ घेतला. "दुकानात भेटले की नमस्कार करायचे. त्या आठवड्यानंतर मीच दुसऱ्या रांगेत उभी राहायला लागले."

यंदाही आजी येणार आहेत. लेकीने क्लूडोचा, म्हणजे खुनी कोण ते ओळखायच्या पटावरच्या खेळाचा, डबा काढून ठेवलाय. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बर्मिंगहॅमच्या एका माणसाने शोधलेला खेळ. त्यातल्या मेलेल्या माणसाची आई कुठे टीव्हीसमोर बसलेली नसते. मुकुट घालून, चकल्या खात, हव्या तितक्या मोठ्याने "यानेच केलंय!" म्हणून ओरडता येतं.