168 तासांचं पारायण

कंपनीनं माझ्या फोनमध्ये एक क्रिकेटचा खेळ फुकट घालून दिला होता. मी क्रिकेट खेळत नाही, फोनवर तर नाहीच. पण तो काही केल्या निघत नव्हता. फार छळलं की 'अक्षम करू का?' एवढंच विचारायचा. म्हणजे पाहुणा गप्प बसेल, पण पलंग सोडणार नाही. असे अकरा पाहुणे होते, आणि 32 जीबीच्या त्या बिऱ्हाडात माझे स्वतःचे फोटो दाराबाहेर उभे. हिचा फोनही त्याच दिवशी, त्याच दुकानातून घेतलेला. तिच्याकडेही हेच अकरा जण, पण तिची काही तक्रार नव्हती.

पुण्यात शिकणारा भाचा म्हणाला, "मामा, रूट मार."

अँड्रॉइडच्या पोटात लिनक्स असतं आणि लिनक्समध्ये ज्याचा शब्द शेवटचा त्याला रूट म्हणतात, असं त्यानं समजावलं. "मग मी कोण?" "तू साधा वापरकर्ता." रोख पैसे मोजून घेतलेल्या फोनमध्ये आपण पोटभाडेकरू आहोत, हे मला बावन्नाव्या वर्षी कळलं.

ही बोलणी हिच्या फोनवरून चाललेली. इथं इंदुरातच, लोकमान्य नगरात सासूबाईंपर्यंत एवढंच पोचलं, की जावईबापूंचं रूट करायचंय. दोन दिवस मुगाची मऊ खिचडी येत राहिली, सोबत लवंगेचं तेल. खुलासा मी तिसऱ्या दिवशी केला. खिचडी चांगली होती.

पहिली पायरी म्हणजे सेटिंगमध्ये अगदी तळाशी जाऊन 'बिल्ड नंबर'वर सात टिचक्या मारायच्या. तिथं बटण नाही, काही नाही, नुसता आकडा. चौथ्या टिचकीला हिनं पाहिलं आणि काही न बोलता कपडे वाळत घालायला गेली. सातव्या टिचकीला फोननं जाहीर केलं, की तुम्ही आता डेव्हलपर आहात. आमच्या घराण्यात पहिलाच.

मग फोन कॉम्प्युटरला जोडला. काळ्या खिडकीत 'एडीबी डिव्हायसेस' टंकलं, म्हणजे फोन जोडला गेलाय का, असं कॉम्प्युटरला विचारलं. 'जोडलेली उपकरणं' असा मथळा आला आणि खाली कोरं, मुहूर्ताच्या आधी आहेराची वही असते तसं. दोन दिवस त्या मथळ्याकडे बघून शेवटी जेल रोड गाठला. दुकानदारानं माझी केबल दोन बोटांत धरली. "भिया, ये तो खाली चार्जिंग की है. डाटा की अलग आती है." आत चार तारा लागतात, माझ्या केबलीत दोनच होत्या.

रूट करण्याआधी कंपनीनं फोनच्या आतल्या प्रणालीला घातलेलं कुलूप काढावं लागतं. नवी केबल लावली तर ते कुलूप उघडणारा कंपनीचाच प्रोग्राम म्हणाला, 168 तासांनी या. सात दिवस म्हणायला काय जात होतं? योगायोग असा, की हिचं सात दिवसांचं पारायण त्याच सकाळी बसलं. तिला कांदा-लसूण वर्ज्य. मला फोनमधल्या कंपनीच्या खात्यातून बाहेर पडणं वर्ज्य, कारण तसं केलं तर तास पुन्हा पहिल्यापासून मोजतात, अशी भाच्याची ताकीद होती.

त्या सात दिवसांत बॅकअप घ्यायचा होता. कुलूप उघडलं की फोन आतलं सगळं पुसून टाकतो. चोरानं फोन उघडला तरी त्याच्या हाती आपलं काही लागू नये म्हणून ही सोय. मी मन लावून बसलो. आधी सुप्रभातची चित्रं उडवली, तर 6 जीबी मोकळी झाली. खरं तर तिथंच थांबायला हवं होतं. पण आता उद्यापन केल्याशिवाय उठायचं कसं? फोटो, निरोप, नंबर, सगळं वेगवेगळ्या फोल्डरांत नावं घालून लावलं.

आठव्या दिवशी कुलूप उघडलं. संध्याकाळी भाच्याचा फोन.

"पुसलं गेलं सगळं?"

"अगदी लख्ख."

"मस्त. आता बॅकअप परत टाक."

"कुठून?"

"घेतला होतास ना?"

"घेतला होता की. 'बॅकअप' नावाचं मोठं फोल्डर केलं होतं."

"कुठे?"

"फोनमध्ये."

पलीकडे बराच वेळ मेसमधल्या ताटांचा आवाज येत राहिला. मग तो हळूच म्हणाला, "मामा, मामी जवळपास आहे का?"

वाचलं ते मेमरी कार्डावरचं. गेल्या गणपतीतल्या आरतीचा चौदा मिनिटांचा व्हिडिओ. त्यात अकरा मिनिटं माझा अंगठा आहे. नंबर गूगलच्या खात्यात न ठेवता फोनमध्येच ठेवले होते, तेही गेले. दुसऱ्या दिवशी एका बाईंना मी अदबीनं विचारलं, "आपण कोण बोलता?" ती माझी थोरली बहीण निघाली. म्हणजे भाच्याची आई. तिनं आम्हा दोघांनाही धुतलं.

रूटचं काम त्या मानानं किरकोळ. जॉन वू नावाच्या तैवानी माणसानं 2016 साली मॅजिस्क नावाचा रूट करून देणारा प्रोग्राम आणला, त्या प्रोग्रामकडून बूटची, म्हणजे फोन सुरू करणारी, फाइल दुरुस्त करून घ्यायची आणि फोनमध्ये भरायची. मी आधी भलत्याच आवृत्तीची भरली. मग दिवेलागणीपासून रात्री साडेअकरापर्यंत कंपनीचा लोगो यायचा, जायचा, यायचा. बरोबर फाइल भरल्यावर फोन सुधारला. क्रिकेटचा खेळ मी स्वतःच्या हातानं उडवला. बाकीचे दहा एका दमात. पुढची तीन मिनिटं फार सुखाची गेली.

सकाळी त्याच आनंदात पोहे-जलेबी खायला गेलो. पैसे द्यायला फोन काढला, तर पैशांचं अ‍ॅप म्हणालं, हे उपकरण सुरक्षित नाही, आणि आपणहून बंद झालं. पुन्हा उघडलं, पुन्हा बंद. खिशात दमडी नव्हती.

"क्या हुआ, भिया?" पोहेवाल्यानं दुसऱ्याच्या प्लेटवर जीरावन मसाला भुरभुरत विचारलं.

"रूट किया है."

त्यानं माझ्या गालाकडे पाहिलं. "तो जलेबी क्यों खा ली?"

हिला बोलावलं. ती येईपर्यंत मी दुसरी प्लेट घेतली, नुसतं उभं राहणं बरं दिसत नव्हतं. ती रिक्षातून उतरली, पिशवीतून फोन काढला. क्रिकेटचा खेळ आणि बाकीचे दहा जण आपापल्या जागी बसलेले. त्यांच्यामधून वाट काढत तिनं पैशांचं अ‍ॅप उघडलं आणि माझ्या दोन प्लेटींचे पैसे दिले.