‘एक वायर काढायचे चोवीसशे रुपये’ या अभिप्रायास गॅरेजमालकाचे उत्तर

महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या २००५ सालच्या स्कोडा ऑक्टाव्हियाच्या कामाबद्दल आमच्या गॅरेजला एक तारा देऊन आपण लिहिलेला अभिप्राय वाचला. ‘साधी एक वायर काढायची होती, त्यासाठी दोन दिवस गाडी अडकवली, चोवीसशे रुपये घेतले, रेडिओ बंद पाडला आणि वर मालक फोनवर ओरडला,’ असे आपले म्हणणे आहे. आपल्याला झालेल्या मनस्तापाबद्दल मी दिलगीर आहे. फोनवर माझा आवाज चढला होता हेही खरे आहे. मागे कॉम्प्रेसर चालू होता, तरी तो इतका चढायला नको होता.

बाकीचे मी निमूट ऐकून घेतले असते, परंतु ‘साधी एक वायर’ हे शब्द मला लागले. शुक्रवारी सकाळी आपण गाडी आणलीत तेव्हा वायरीचा विषयच नव्हता. सोमवारी सकाळी गाडी उठत नाही, बॅटरी आपोआप उतरते, एवढीच तक्रार होती, आणि दुसऱ्या एका ठिकाणी आल्टरनेटर (गाडी चालू असताना बॅटरी चार्ज करणारा भाग) बदलायला सांगितले आहे, हे आपणच मला सांगितलेत. आम्ही आल्टरनेटर तपासला, तो उत्तम चार्जिंग करत होता. नंतर बॅटरीच्या निगेटिव्हला मीटर लावून, दारे लॉक करून अर्धा तास थांबलो, तर गाडी जेमतेम ३० मिलिअँपिअर घेत होती. म्हणजे दोष काहीच नाही. दुपार अशी गेली. संध्याकाळी गाडी आत घेताना आमच्या मुलाने उजवीकडे वळण्यासाठी इंडिकेटरचा दांडा वर केला आणि जागा अपुरी असल्यामुळे स्टिअरिंग सरळ न करताच किल्ली काढून घेतली. शटर ओढायला मी मागे वळलो, तेव्हा अंधारात गाडीचा फक्त उजवा पुढचा आणि उजवा मागचा दिवा मंद पेटलेला दिसला. पुन्हा मीटर लावला, तर आकडा ०.८ अँपिअर, म्हणजे ८०० मिलिअँपिअर.

ही खोड नसून मुद्दाम दिलेली सोय आहे. जर्मनीतील नियमांनुसार वस्तीच्या भागात रात्री रस्त्याकडेला उभ्या केलेल्या गाडीला चारही दिवे लावण्याची गरज नसते, रहदारीच्या बाजूचे पार्किंग दिवे पुरतात. म्हणून तिकडच्या अनेक गाड्यांत किल्ली काढल्यावर दांडा ज्या बाजूला असेल त्याच बाजूचे दोन दिवे जळत राहतात. आपली गाडी जोडली गेली औरंगाबादच्या कारखान्यात, पण आराखडा तिकडचाच, त्यामुळे ही सोयही सोबत आली. आपल्या सोसायटीत आपली जागा उजव्या वळणावर आहे, स्टिअरिंग पूर्ण परत येत नाही, म्हणून दांडाही परत येत नाही. पाच-पाच वॅटचे दोन बल्ब शुक्रवारी रात्रीपासून सोमवारी सकाळपर्यंत, म्हणजे सुमारे साठ तास जळले, तर ४८ अँपिअर-तास खर्च होतात, आणि आपली बॅटरी ६० ची, तीही चार वर्षे वापरलेली. ती उतरणार नाही तर काय होईल?

हे मी त्याच रात्री आपल्याला फोन करून सांगितले. दांडा मध्ये आणून गाडी बंद केली तर एक रुपयाही खर्च करण्याची गरज नाही, हेही सांगितले. (असे सांगणारा गॅरेजवाला आपल्याला किती वेळा भेटला, हे आपणच आठवून पाहावे.) त्यावर ‘गाडी मुलगाही चालवतो, त्याच्या लक्षात राहणार नाही, ते कायमचे बंदच करून टाका,’ असे आपण म्हणालात. वायरीचे काम तेव्हा ठरले, आणि ते शनिवारी झाले.

वायर कापून टेप गुंडाळणे हे दहा मिनिटांचे काम आहे, हे मला मान्य आहे. आमच्याकडे ते तसे करत नाहीत. स्टिअरिंगखालचे कव्हर उघडले की एअरबॅगचे पिवळे कनेक्टर हाताशी येतात, म्हणून आधी बॅटरी सोडावी लागते. मग इग्निशन स्विचकडून दांड्याकडे पार्किंगच्या दिव्यांसाठी जाणारी वायर मीटरने खात्री करून शोधायची, कनेक्टरमधून तिची पिन न तोडता बाहेर काढायची, तिच्यावर स्लीव्ह, म्हणजे वीजरोधक आवरण, चढवायची आणि बांधून ठेवायची. त्यानंतर इंडिकेटर, हॅझार्ड, साइडचे दिवे, अप्पर-डिप्पर असे सगळे पुन्हा तपासायचे. चारही काचा एका झटक्यात वर जाणे बॅटरी सोडल्यामुळे बंद होते, म्हणून प्रत्येक काच पूर्ण वर नेऊन स्विच थोडा वेळ तसाच ओढून धरायचा. चोवीसशेपैकी नऊशे शोधाचे, बाराशे या कामाचे आणि तीनशे रात्रभर बॅटरी चार्ज करून लोड तपासल्याचे आहेत. बिलावर हे तिन्ही आकडे वेगवेगळे लिहिलेले आहेत.

आता रेडिओबद्दल. बॅटरी जोडल्यावर त्याने कोड मागितला. ही चोरीपासूनची सुरक्षा आहे, बिघाड नव्हे. कोड आपल्या घरी, गाडीच्या कागदपत्रांत होता. आपण तो फोनवर वाचून दाखवलात, आम्ही घातला, चुकला. ‘साहेब, नीट बघून सांगा,’ असे मी म्हणालो ते तेव्हाच. आपण पुन्हा तेच चार आकडे सांगितलेत आणि आमच्या मुलाने ते पुन्हा घातले. तिथे त्याने थांबायला हवे होते, ही चूक आमची. कारण दोनदा चुकले की हा रेडिओ सुमारे तासभर काहीही स्वीकारत नाही, आणि तो तास भरेपर्यंत चालूच ठेवावा लागतो. नंतर मी त्या पानाचा फोटो मागवला. आधीच्या मालकाने शाईपेनाने लिहिलेला शेवटचा आकडा आपण नऊ वाचत होतात, तो एक होता. जुन्या वळणाच्या १ ची शेपटी लांब ओढली की असे होते. साडेपाचला रेडिओ सुरू झाला, आपण आलात तेव्हा त्यावर बातम्या लागलेल्या होत्या. एवढे सगळे झाल्यावर ‘बंद पाडला’ हे लिहिताना आपला हात थोडा अडखळायला हवा होता, असे मला वाटते.

हे गॅरेज मी आणि दोन मुले चालवतो. नवीन गिऱ्हाईक हल्ली आधी तारे मोजते आणि मग फोन करते, म्हणून एवढे लिहावे लागले. तपासणीचे दर दर्शनी भागात लावण्याचे मनात आहे, ते लवकरच करू. बॅटरी सोडण्यापूर्वी रेडिओचा कोड मागून घेण्याचेही मुलांना सांगितले आहे. फोनवर बोलताना मीही सांभाळून बोलेन.

आपल्या गाडीतली ती पिन कव्हरच्या आत काळ्या स्लीव्हमध्ये बांधून ठेवली आहे, तुटलेली नाही. पुढे गाडी विकताना किंवा आपल्यालाच ते दिवे हवेसे वाटले तर गाडी घेऊन यावे, अर्ध्या तासात जोडून देईन, आणि त्याचे पैसे घेणार नाही.

आपला,
गॅरेजमालक