नीतिमत्तेच्या परीक्षेत मी कॉपी केली, त्याची गोष्ट

आधी कबुली देऊन टाकते. गेल्या महिन्यात आम्हा पशुवैद्यकांसाठी ‘कायदा आणि व्यावसायिक नीतिमत्ता’ या विषयावर दोन दिवसांचं ऑनलाइन प्रशिक्षण झालं. शेवटी २० प्रश्नांची परीक्षा. दुपारी ४.४० ला फॉर्म उघडला आणि ४.४६ ला आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विसाच्या वीस उत्तरं येऊन पडली. वर ‘ऑल द बेस्ट’ आणि गुलाबाचं फूल.

१४ प्रश्न मी माझ्या डोक्याने सोडवले. उरलेले ६ ग्रुपवर बघून. विसापैकी वीस! प्रमाणपत्र लगेच ईमेलवर आलं. आडनाव तेवढं चुकलंय, पण ज्या मार्गाने ते मिळालं तो बघता मी तक्रार करणार नाही.

परळच्या कॉलेजातून बाहेर पडून मला २२ वर्षं झाली. सातारा जिल्ह्यात खासगी प्रॅक्टिस करते. गाई, म्हशी, शेळ्या, आणि गेली सात-आठ वर्षं तालुक्याच्या गावातले लाडावलेले लॅब्रेडॉर. पदवीला असताना न्यायवैद्यक आणि नीतिमत्ता हा एवढासा विषय होता. परीक्षेच्या आदल्या रात्री वाचायचा आणि परवा विसरायचा. त्यानंतर मी बाहेर आलेली गर्भपिशवी परत कशी बसवायची ते शिकले, सोनोग्राफी शिकले, कुत्र्यांना रक्त चढवायला शिकले. दाखल्यावर सही कधी करायची नाही, हे मात्र मला कुणी बसवून शिकवलं नाही. म्हणून हे प्रशिक्षण जाहीर झालं तेव्हा मी खरंच खूश होते.

पहिला दिवस सगळा स्लाइड वाचण्यात गेला. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९८४ चा भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९९२ ची आचारसंहिता, २००९ चा संसर्गजन्य रोगांचा कायदा. वाचणाऱ्या सरांचा आवाज चांगला होता, त्यांच्याबद्दल आकस नाही. पण जनावर मारण्या-लुळं करण्याच्या गुन्ह्याला स्लाइडवर अजून भारतीय दंड विधानाची ४२८ आणि ४२९ हीच कलमं होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, आणि तिथे हा गुन्हा कलम ३२५ मध्ये येतो. दीडशे माणसं ऑनलाइन होती. कुणी काही बोललं नाही. मीही नाही, कारण तेव्हा मी म्यूट करून भाजी निवडत होते.

प्रश्न क्रमांक ७ असा होता: १९६० च्या कायद्याच्या कलम ११ खाली पहिल्या गुन्ह्याला जास्तीत जास्त दंड किती? उत्तर ५० रुपये. कमीत कमी १०. आज आमच्याकडे एवढ्यात साधा वडापाव आणि चहा होतो. मुक्या जनावराला मारहाण केल्याची ही जास्तीत जास्त किंमत साठ-पासष्ट वर्षांत बदललेली नाही. मला वाटलं, आता यावर चर्चा होईल. दंड एवढा फुटकळ असताना जखमी बैल समोर आल्यावर आपण तक्रार करायची की मालकाला चार शब्द सुनावून टाके घालून सोडायचं? तक्रार केली तर पुढचा जखमी बैल आपल्याकडे येईलच कशाला? तो वाड्यातच सडेल. ही खरी गाठ आहे. पण स्लाइड पुढे सरकली.

आता मुद्द्याच्या प्रश्नाकडे येते. क्रमांक १३. औषधाच्या लेबलवर दूध वर्ज्य करण्याचा कालावधी (औषधाचा अंश दुधात उतरतो म्हणून ते विकायचं नाही ते दिवस) दिलेला नसेल, तर कायद्याप्रमाणे किमान किती दिवस धरायचा? पर्याय होते ३, ५, ७, १०. माझा हात ३ वर गेला होता. ग्रुपवर ७ आलं होतं म्हणून मी ७ केलं.

परीक्षा संपली, चहा ठेवला, आणि मग मला घाम फुटला. कारण ‘तीन दिवस दूध घालू नका’ हे वाक्य मी २२ वर्षं गोठ्यागोठ्यात बोलत आलेय. कुठल्या पुस्तकातून घेतलं? कुठल्याच नाही. सुरुवातीला ज्या सिनियर डॉक्टरांबरोबर फिरायचे ते म्हणायचे, म्हणून मी म्हणते. सडात सोडायच्या ट्यूबवर कालावधी छापलेला असतो, तो मी पाळायला सांगते. पण इंजेक्शनं? दोन औषधं एकत्र? लेबलपेक्षा जास्त डोस? तिथे माझं आपलं ठरलेलं ‘तीन’. आणि औषधं व सौंदर्यप्रसाधनांच्या नियमांत २०१२ पासून हे स्पष्ट लिहिलंय: लेबलवर नसेल तर दूध आणि अंड्यांसाठी किमान ७ दिवस, मांसासाठी किमान २८. म्हणजे नियम आला तेव्हा मी प्रॅक्टिसमध्ये मुरलेली होते आणि मला पत्ताच नव्हता. माझ्या गावची पोरं याच गोठ्यांमधून डेअरीत गेलेलं दूध पितात. माझी स्वतःची मुलगी प्यायलीये.

हे मला कॉपी करताना कळलं, याची लाज वाटते ती वेगळीच.

पण या प्रशिक्षणाचा खरा भाग तो संपल्यावर सुरू झाला. आभारप्रदर्शन झालं, आयोजक निघून गेले, आणि लिंक बंद करायची राहिली. आम्ही अकरा जण तसेच अडकून होतो. बहुतेकांचे कॅमेरे बंद. काहींनी नावाच्या जागी फोनचं मॉडेलच ठेवलेलं. कुणीतरी सहज विचारलं, ‘‘कोणी आहे का अजून? एक विचारायचं होतं.’’

आवाज तरुण होता. त्याची केस अशी. दुसऱ्या वेताची होल्स्टीन गाय, विमा उतरवलेला. दुपारी पोट फुगून मेली. हा पोचला तर कानात बिल्ला नाही. कान फाटलेला, म्हणजे बिल्ला कुठेतरी कुंपणात अडकून पडलेला. गाय याने स्वतः दोनदा भरवलेली, म्हणजे कृत्रिम रेतन केलेली, पॉलिसीच्या वेळी बिल्लाही यानेच मारलेला. ही तीच गाय, यात तिळमात्र शंका नाही. पण बिल्ला नाही तर क्लेम नाही, हे विम्याचं सरळ गणित. शेतकऱ्याने नंबर कागदावर आणून ठेवला आणि म्हणाला, ‘‘डॉक्टर, खोटं कुठं लिवायला सांगतोय? हीच गाय हाय न्हवं?’’

शवविच्छेदनाच्या अहवालात ‘बिल्ला क्रमांक’ असा रकाना असतो. त्यात नंबर लिहिला तर बिल्ला पाहिला असा अर्थ होतो. गाय खरी, नंबर खरा, आणि तरी लिहिलेलं खोटं.

अकरा जणांत यावर पाऊण तास झाला. एक म्हणाले, लिही, माणूस मरेल. एक बाई म्हणाल्या, आज लिहिलंस तर उद्या तोच शेतकरी शेजाऱ्याच्या गाईसाठी तुला घेऊन जाईल, आणि त्या वेळी ती गाय तू भरवलेली नसेल. मग एका सिनियर सरांनी रस्ता सांगितला, जो दोन दिवसांच्या स्लाइडमध्ये कुठेच नव्हता. रकान्यात ‘बिल्ला आढळला नाही, कान फाटल्याची जखम’ असंच लिही. खाली वेगळ्या परिच्छेदात रंग, शिंगं, कपाळावरचा चांद, शेपटीचा गोंडा हे वर्णन लिही, तुझ्या रजिस्टरमधल्या कृत्रिम रेतनाच्या तारखा टाक, फाटलेल्या कानाचे फोटो काढ, आणि शेतकऱ्याला आजच्या आज कंपनीला कळवायला लाव. क्लेम मिळेल याची खात्री नाही, पण तू पाहिलंस ते सगळं कागदावर येईल.

तेच सर मग थोडं थांबून म्हणाले, ‘‘मी एकतीस वर्षांत तीन खोटे दाखले दिलेत. तिन्ही कुणाचे ते सांगू शकतो.’’ त्यांनी सांगितले नाहीत आणि कुणी विचारलेही नाहीत.

त्यानंतर बांध फुटल्यासारखं झालं. रात्री अकराला पोलीस ठाण्यातून फोन, पकडलेल्या गाडीतली जनावरं तपासा. गाडीभोवती शंभर माणसं, एका बाजूला ओरडणारे, दुसऱ्या बाजूला हात जोडणारा व्यापारी, आणि टॉर्चच्या उजेडात तुम्ही वय लिहायचं. २०१५ मध्ये महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदी आल्यापासून तिथे लिहिलेल्या प्रत्येक शब्दाला काय वजन आलंय ते आम्हालाच माहीत. दुसऱ्याने वाहतुकीच्या दाखल्याचं सांगितलं: १९७८ च्या नियमांप्रमाणे जनावर प्रवासाला तंदुरुस्त असल्याचा दाखला लागतो, आणि चार म्हशी दाखवून बारांची सही मागतात. शर्यतीच्या बैलांचाही विषय निघाला. सर्वोच्च न्यायालयाचा शर्यतींवर बंदी आणणारा २०१४ चा निकाल, त्यांना परवानगी देणारे राज्यांचे कायदे मान्य करणारा २०२३ चा निकाल हे सकाळच्या सत्रात चाळीस मिनिटं झालं होतं. पण बैल तपासायला गेल्यावर मैदानात लाऊडस्पीकरवर ‘‘डॉक्टरसाहेब लवकर आटपा’’ पुकारलं जातं तेव्हा काय करायचं, हे संध्याकाळी झालं. पशुधन पर्यवेक्षकांनी, म्हणजे पदवी नसलेल्या पदविकाधारकांनी, काय करावं आणि काय करू नये हाही विषय निघाला, पण तो मी इथे काढणार नाही. खाली कमेंटमध्ये महाभारत नको.

आता माझं म्हणणं. आमच्यातले बरेच जण म्हणतात, ऑनलाइन प्रशिक्षण म्हणजे थट्टा, पूर्वीसारखं सभागृहात घ्या. शस्त्रक्रियेचं, गाभण तपासणीचं प्रशिक्षण असेल तर शंभर टक्के मान्य, खांद्यापर्यंत हात घातल्याशिवाय ते येत नाही. पण नीतिमत्तेचं नेमकं उलटं आहे. जिल्ह्याच्या सभागृहात दीपप्रज्वलन होतं, पहिल्या रांगेत वरिष्ठ बसतात, शेजारच्या खुर्चीवर औषध कंपनीचा माणूस असतो. तिथे कोण उठून म्हणेल की काल मी बारा म्हशींवर सही केली? आणि गावातल्या डॉक्टरइतकं एकटं कोणी नसतं. आमच्या धंद्यात शंका विचारायला शेजारची केबिन नसते, मोटरसायकल असते. रात्री साडेआठला घरी, कॅमेरा बंद करून, नाव न सांगता बोलता येणं ही ऑनलाइनची ताकद आहे आणि आपण ती स्लाइड वाचण्यात घालवतोय.

माणसांच्या डॉक्टरांना महाराष्ट्रात नोंदणी नूतनीकरणासाठी पाच वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट गोळा करावे लागतात. माझा एक वर्गमित्र इंग्लंडमध्ये कुत्र्या-मांजरांची प्रॅक्टिस करतो, त्याला वर्षाला ३५ तासांचं शिक्षण दाखवावं लागतं. तो म्हणाला, तास मोजणं ठीक आहे, पण मला आठवतात ते तास ज्यात कुणीतरी स्वतःची चूक सांगितली. मला ते पटतं. पॉइंट द्या, जरूर द्या, पण फॉर्म भरल्याचे देऊ नका. महिन्यातून एक तास, पंधरा माणसं, दोन खऱ्या केस, नावं-गावं झाकलेली, रेकॉर्डिंग बंद. एखादा वकील आणि विम्याचे क्लेम तपासणारा एखादा निवृत्त माणूस ऐकायला बसवा. कलमं आधी पीडीएफमध्ये पाठवा, पण ती चालू सालची असू द्या. परीक्षा घ्यायचीच तर एक केस द्या आणि विचारा, दाखल्यावर नेमके कोणते शब्द लिहाल? तशी उत्तरं ग्रुपवर आली तरी माझी हरकत नाही. निदान चांगले शब्द तरी फिरतील.

हे सगळं लिहायला लागले ते परवाच्या एका गोठ्यामुळे. गाईला कासदाह, मागची दोन सडं दगडासारखी. मी इंजेक्शनचा कोर्स लिहिला, लेबल वाचलं, कालावधी छापलेला नव्हता. म्हटलं, आण्णा, शेवटच्या इंजेक्शननंतर सात दिवस दूध डेअरीला घालायचं नाही.

आण्णा हसले. ‘‘म्याडम, गेल्या साली तीन म्हनलावता.’’

‘‘गेल्या साली माझं चुकलं होतं.’’

गाय दिवसाला अठरा लिटरची. ३२ रुपये भाव धरला तरी सात दिवसांचे चार हजारांच्या वर जातात, आणि कोर्सचे दिवस वेगळे. त्यांनी हिशोब माझ्यादेखत बोटांवर केला. म्हणाले, वासराला पाजू का? म्हटलं, तेही नको. ‘‘मंग उकिरड्यात?’’ मी मान हलवली. ते म्हणाले, ‘‘तुमीच तारीख लिवून द्या. न्हाईतर घरात कोन ऐकायचं न्हाई.’’

चिठ्ठीवर औषधांच्या खाली मी मोठ्या अक्षरात तारीख लिहिली, ‘तोपर्यंत दूध विकू नये’ असं लिहिलं आणि सही केली. बावीस वर्षांत चिठ्ठीवर हे पहिल्यांदाच. त्यांनी ती घडी करून टोपीत ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच रस्त्याने गेले. संकलन केंद्रावर किटल्यांची रांग होती. मी गाडी थांबवली नाही.