‘आंब्याच्या दोन महिन्यांत वर्षाचे हप्ते सुटतात’: पिकअप घेण्याआधी हा हिशोब मांडा

कलमांना मोहोर दिसायला लागला की रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. सारांश असा: नोकरीसाठी मुंबई-पुण्याला कशाला जाता? जीएसटी कमी झाल्यामुळे पिकअप लाखाने स्वस्त झाली आहे. शून्य डाउनपेमेंट, हप्ता फक्त २१ हजार. आंब्याच्या दोन महिन्यांत वर्षाचे हप्ते सुटतात, उरलेले दहा महिने निव्वळ नफा. साधं लायसन्स चालतं. जुनी गाडी डोकेदुखी असते, नवीच घ्या.

गाडीवाल्यांचे हिशोब आणि कर्जाच्या फायली बघणं हे माझं रोजचं काम आहे. हा मेसेज वाचून निर्णय घेणारी मुलं बावीस-पंचवीस वर्षांची असतात. गाडी मुलाच्या नावावर येते, पण जामीन वडील राहतात आणि सोनं आईचं गहाण पडतं. म्हणून यातलं एकेक वाक्य तपासून बघू.

आधी किंमत. ‘लाखाने स्वस्त’ हे अर्धं खरं आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. १० लाखांची शोरूम किंमत त्यामुळे साधारण ९ लाख २२ हजारांवर येते, म्हणजे ७८ हजार वाचतात. मेसेज इथेच थांबतो. महाराष्ट्रात त्याच वर्षी १ जुलैपासून ७,५०० किलोपर्यंतच्या हलक्या मालवाहू गाड्यांचा रस्ता कर किमतीच्या ७ टक्के झाला. पूर्वी १० लाखांच्या पिकअपला एकरकमी २० हजारांच्या आसपास कर लागायचा. आता ९ लाख २२ हजारांवर ७ टक्के धरले तर साडेचौसष्ट हजार होतात. एका हाताने ७८ हजार मिळाले, दुसऱ्या हाताने साडेचव्वेचाळीस हजार गेले. खरी बचत तेहतीस-चौतीस हजारांची.

आणि ही ‘स्वस्त’ गाडीही मुळात महागच आहे. २००५ मध्ये टाटाचा छोटा हत्ती आला तेव्हा सव्वादोन लाखांच्या आसपास मिळायचा. त्यानंतर लोखंड महागलं, एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचं मानक आलं, एप्रिल २०२३ पासून त्याचा दुसरा टप्पा आला. इंजिनाभोवती सेन्सर आणि फिल्टरं वाढली आणि प्रत्येक बदलाबरोबर किंमत चढत गेली. जीएसटीतली कपात या चढणीवरची छोटी उतरंड आहे. भाडं मात्र त्या प्रमाणात वाढलेलं नाही, हे कुठल्याही स्टँडवर विचारून बघा.

आता ‘शून्य डाउनपेमेंट, हप्ता २१ हजार’. माझ्या मते सगळ्यात जास्त फसगत इथे होते.

शून्य डाउनपेमेंट म्हणजे फार तर शोरूमच्या किमतीएवढं कर्ज. रस्ता कर, विमा, फाइलचा खर्च, हौदाच्या फळ्या, जाळी, ताडपत्री, रस्सी हे सगळं आपल्या खिशातून. विम्याचं बघा. ७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीचा नुसता थर्ड पार्टी प्रीमियम २०२२ च्या दरपत्रकात १६,०४९ रुपये आहे. त्यावर जीएसटी आणि स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं संरक्षण धरलं की पस्तीस हजार धरून चालावं. एकूण बेरीज सव्वा ते दीड लाखावर जाते. तेवढी रोकड घरात नसते, मग सोनं गहाण पडतं. म्हणजे पहिल्या दिवशीच दोन कर्जं.

हप्त्याचं गणित याहून वाईट आहे. एजंट सांगतो, ‘दादा, फक्त ८ टक्के.’ तो फ्लॅट रेट असतो, हे सांगत नाही. ९ लाखांवर ५ वर्षं फ्लॅट ८ टक्के म्हणजे दरवर्षी ७२ हजार, पाच वर्षांचे ३ लाख ६० हजार. मुद्दल मिळवून १२ लाख ६० हजार, भागिले ६० महिने, बरोबर २१ हजार. मेसेजातला आकडा आला कुठून ते इथे कळतं. पण आपण तर दर महिन्याला मुद्दल फेडत असतो. चौथ्या वर्षी निम्म्याहून जास्त मुद्दल फिटलेलं असतं, तरी व्याज पूर्ण ९ लाखांवरच चालू राहतं. घटत्या शिलकीवर हिशोब केला तर हाच दर १४ टक्क्यांच्या पुढे जातो. खरोखर ८ टक्के घटत्या शिलकीवर असते तर हप्ता १८,२५० च्या आसपास आला असता. फरक महिन्याला २,७५० चा, पाच वर्षांत १ लाख ६५ हजारांचा.

यावर उपाय आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे १ ऑक्टोबर २०२४ पासून अशा कर्जांसाठी सही होण्याआधी ‘की फॅक्ट्स स्टेटमेंट’ हा कागद द्यावाच लागतो, आणि तोही कर्जदाराला कळेल अशा भाषेत. सगळे खर्च धरून वर्षाचा खरा दर त्यात लिहिलेला असतो. तो कागद मराठीत मागा आणि घरी नेऊन वाचा. द्यायला टाळाटाळ झाली तर उठून या. व्यवसाय कर्जाचं व्याज परत देणाऱ्या सरकारी अण्णासाहेब पाटील महामंडळाच्या व्याज परताव्याचा आधार सांगून कोणी घाई करत असेल तर एवढं लक्षात ठेवा: हप्ता आधी आपण वेळेवर भरायचा असतो, परतावा मागून येतो. हप्ता चुकला की परताव्याचंही अडतं.

‘आंब्याच्या दोन महिन्यांत वर्षाचे हप्ते सुटतात’ या वाक्यावर आख्खा मेसेज उभा आहे. रत्नागिरी ते वाशी मार्केट अशी एक फेरी कागदावर मांडू. १.७ टनाची पिकअप, पाच डझनाची लाकडी पेटी भरून साधारण २० किलोची. कायद्यात बसतील तेवढ्या पेट्या ८५. भाडं सढळ हाताने पेटीमागे १५० रुपये धरू. झाले १२,७५०. जाऊन-येऊन ६६० किलोमीटर, लिटरला १२ चं अॅव्हरेज, ५५ लिटर डिझेल. नव्वदच्या भावाने ४,९५०. टोल, जेवण, वाराई (माल उतरवायची मजुरी) मिळून १,२००. टायर, ऑइल, सर्व्हिसिंगसाठी किलोमीटरमागे २ रुपये बाजूला काढायलाच हवेत, ते १,३२०. उरले ५,२८०. गाडी स्वतः चालवली तर. ड्रायव्हर ठेवला तर त्याचा पगार यातूनच.

अशा फेऱ्या किती होतील? संध्याकाळी बागेतून भरायची, रात्रभर चालवायची, पहाटे वाशीला खाली करायची, परतायला संध्याकाळ. दुसऱ्या दिवशी पुन्हा भरायची. दोन दिवसांना एक फेरी, म्हणजे साठ दिवसांत तीस. त्यात एखादा दिवस मार्केट बंद, एखादा दिवस गाडी गॅरेजला, एखादा दिवस मालच नाही. पंचवीस फेऱ्या झाल्या तरी हंगाम उत्तम गेला म्हणायचं. पंचवीस फेऱ्यांचे १ लाख ३२ हजार. वर्षाचे हप्ते २ लाख ५२ हजार. सहा हप्ते सुटले, सहा राहिले. आणि या सहा हप्त्यांत घरखर्चाचा एक रुपया धरलेला नाही.

पंचवीसच्या पंचवीस फेऱ्यांना गाडी पूर्ण भरलेली, हे गृहीत धरणंही भाबडं आहे. फेब्रुवारी-मार्चला पहिल्या तोडीच्या पेट्या मोजक्या असतात आणि त्या ठरलेल्या गाडीवाल्याकडे जातात. बागायतदार ज्याच्याबरोबर वीस वर्षं माल पाठवतोय त्याला सोडून नव्या पोराला का देईल? खरी गर्दी एप्रिल ते मेच्या मध्यापर्यंत. त्यानंतर भाव उतरला की आंबा कॅनिंगला जातो, तिथे फेऱ्या जवळच्या आणि भाडं तुटपुंजं. थ्रिप्स किडीने मोहोर करपला किंवा अवकाळी पावसाने फळ डागाळलं तर हंगामच अर्धा. हापूसचं पीक दरवर्षी सारखं येत नाही हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे, पण हप्ता दरवर्षी सारखाच येतो.

मग गणित जुळवायला पोरं ८५ ऐवजी १२० पेट्या भरतात. मोटार वाहन कायद्यात जादा वजनाला २० हजार दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार आहेत. एका दंडात चार फेऱ्यांची कमाई गेली. पहाटे तीनला घाटाच्या उतारावर ब्रेक तापलेली, ओव्हरलोड गाडी चालवणारा मुलगा आपल्याच वाडीतला असतो. दंडापेक्षा मला त्याची धास्ती जास्त वाटते.

परतीचं भाडं मिळतं, असं काही जण म्हणतील. मिळतं. मे महिन्यात चाकरमान्यांचं सामान, कधी किराणा, कधी फर्निचर. ज्याची वाशीत ओळख आहे त्याला मिळतं आणि त्याचा हिशोब माझ्यापेक्षा चांगला बसतो. नव्याला ती ओळख व्हायला दोन-तीन हंगाम जातात.

‘उरलेले दहा महिने निव्वळ नफा’ लिहिणाऱ्याने कोकणातला जून पाहिलेला नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. मिरकरवाड्याला, हर्णैला, मालवणला मासळीच्या गाड्या थांबतात, बर्फाची मागणी पडते. चिरेखाणी पाण्याने भरतात, मग चिरा नाही, वाळू नाही, बांधकामं थांबलेली. थोडं खत-बियाणं आणि पत्रे, बाकी गाडी ताडपत्रीखाली. हलते ती गणपतीच्या सुमारास. हप्ता आणि विम्याचा महिन्याचा वाटा धरला तर उभ्या गाडीचा खर्च महिन्याला चोवीस हजारांच्या घरात. जून-जुलैचे अठ्ठेचाळीस हजार आणायचे कुठून? रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ९० दिवस थकबाकी राहिली की खातं एनपीएत, म्हणजे थकीत कर्जात जातं. जूनचा हप्ता चुकला, जुलैचा चुकला, ऑगस्टमध्ये गणपतीसाठी खर्च झाला की ते ९० दिवस भरतात. गाडी ओढून नेणारी माणसं बरोबर सप्टेंबरात दारात येतात ती याचमुळे.

लायसन्सचं म्हणणं मात्र बरोबर आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने स्पष्ट केलं की हलक्या वाहनाचं लायसन्स असलेला ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवू शकतो. पण १.७ टनाच्या पिकअपचं भरलेलं वजन ३,००० किलोच्या वर जातं, त्यामुळे तिला परमिट लागतं. फिटनेस तपासणीही वेळोवेळी करावी लागते, गाडी आठ वर्षांची झाली की दरवर्षी.

‘जुनी गाडी डोकेदुखी’ हे सरसकट खरं नाही. पाच-सहा वर्षांची गाडी निम्म्या कर्जात येते आणि मंदीच्या महिन्यात झोप लागू देते. कोकणातली जुनी गाडी मात्र डोळे उघडे ठेवून घ्यावी. मासळीची गाडी असेल तर हौदातून गळणारं खारं पाणी वर्षानुवर्षं चासीवर पडलेलं असतं. वरून रंग नवा, खाली पट्ट्यांच्या हँगरजवळ स्क्रूड्रायव्हरने टोकरलं तर पापुद्रे निघतात. हौदाच्या खालच्या कडेला आणि केबिनच्या पायाखालच्या मॅटखाली हात घालून बघा. म्हणून जाणती माणसं घाटावरची गाडी शोधतात, कोल्हापूर-सांगलीकडची. तिला खारा वारा लागलेला नसतो. जुन्या कर्जाचा बोजा उतरल्याचं एनओसी आणि थकलेली चलनं तपासून मगच पैसे द्या.

आणि सगळ्यांना मोठी गाडी लागत नाही. गावातल्या गावात काजू, किराणा, मंडपाचं सामान वाहायचं असेल तर ७५० किलोची गाडी पुरते. टाटा एस प्रो जून २०२५ मध्ये ३ लाख ९९ हजारांपासून आली, जीएसटी कपातीच्या आधी. साडेतीन लाखांचं कर्ज ५ वर्षांसाठी घटत्या शिलकीवर ११ टक्क्यांनी घेतलं तर हप्ता ७,६०० च्या आसपास. वजन ३,००० किलोच्या आत असल्याने परमिटही लागत नाही. आंबा घेऊन रात्री वाशी गाठायला ती नाही, हे खरं. पण जुलैमध्ये ७,६०० उभे करता येतात, २१ हजार येत नाहीत.

पिकअप घेऊ नका, असं मी कोणालाच सांगत नाही. स्वतःची बाग आहे, काजूचा कारखाना आहे, एखाद्या मासळी व्यापाऱ्याने किंवा डिस्ट्रिब्युटरने वर्षाचं बांधलेलं काम दिलं आहे, त्याने जरूर घ्यावी. बाकीच्यांनी जून-जुलैची कमाई आधी मांडावी आणि त्यातून निघेल तेवढाच हप्ता आपला समजावा. मेसेज पाठवणाऱ्याला विचारा, तुझ्या गाडीचं मागच्या जुलैचं बँक स्टेटमेंट दाखव.

एक मागणी आपल्या पतसंस्थांकडे आणि जिल्हा बँकांकडेही करायला हवी. ट्रॅक्टरला पिकाप्रमाणे सहामाही हप्ते चालतात. मग कोकणातल्या मालवाहू गाडीला एप्रिल-मेमध्ये मोठा हप्ता आणि जून-जुलैमध्ये फक्त व्याज, असं वेळापत्रक का चालू नये? संचालक मंडळात आपलीच माणसं बसतात, आंबा कधी संपतो आणि होड्या कधी किनाऱ्याला लागतात हे त्यांना आपल्याइतकंच ठाऊक आहे. पुढच्या वार्षिक सभेत हा विषय लेखी द्या.