हिरवी फीत निळी का झाली: एका तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुम्ही दिलेला एक तारा पाहिला, तक्रारही वाचली. ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याचं जुनं तैलचित्र साफ करायला दिलं, तर आम्ही पदकाची हिरवी फीत निळी रंगवली आणि पार्श्वभूमीतल्या भेगा तशाच ठेवून पूर्ण पैसे घेतले, असं तुमचं म्हणणं.

फितीला आम्ही ब्रशच लावलेला नाही. राळेचं जुनं वॉर्निश पिवळं पडत जातं आणि त्याखालचा फिकट निळा हिरवा दिसायला लागतो. तुमच्या चित्रात लाल डगलाही विटकरी दिसत होता. वॉर्निश काढताना कापसाच्या बोळ्यांवर पिवळट तपकिरी उतरलं. लाल किंवा निळा एकाही बोळ्यावर नाही. बोळे जपून ठेवलेत, केव्हाही बघा.

फीत निळीच असायला हवी. कोवळ्या व्हिक्टोरिया राणीचं डोकं आणि फिकट निळी फीत, म्हणजे ‘आर्मी ऑफ इंडिया’ पदक. क्रिमियाच्या युद्धाच्या पदकाची फीतही निळी, पण तिला पिवळ्या कडा असतात. इथे नाहीत, आणि हे साफ केल्याशिवाय कळलंच नसतं. हे पदक 1803 ते 1826 मधल्या असई, खडकी, कोरेगाव, महिदपूर अशा लढायांसाठी. पण जाहीर झालं 1851 मध्ये, तेही तोवर हयात असलेल्यांनाच. म्हणून तर अधिकाऱ्याचे केस पिकलेले आहेत! विकणाऱ्याने तुम्हाला ‘1818 चं चित्र’ म्हणून सांगितलं, ते जमत नाही. खरा राग बहुधा इथे आहे. शिवाय पदकावरच्या पट्टीतलं लढाईचं नाव चित्रकाराने दोन फटकाऱ्यांत उरकलंय, वाचता येत नाही. त्यामुळे ‘कोरेगावचा अधिकारी’ असं लेटरहेडवर लिहून देणं आम्हाला शक्य नव्हतं, आजही नाही.

भेगा डांबर मिसळलेल्या रंगामुळे पडल्या आहेत. त्या काळी गडद सावल्यांसाठी तो सर्रास वापरत. तो पुरता वाळत नाही, त्यामुळे वरचा थर फाटतो. भेगा बुजवल्या तरी थर पुन्हा फाटायचा धोका असतो. कोटेशनमध्ये हे काम धरलेलंच नव्हतं, त्याखाली तुमची सही आहे.

खालच्या डाव्या कोपऱ्यात, फ्रेमच्या काठाआड, बोटभर पट्टी आम्ही मुद्दाम साफ केलेली नाही. आधीचा रंग तिथे दिसेल. फ्रेम घरी उतरवू नका, दुकानात आणा. तुमच्यासमोर उतरवून दाखवू, त्याचे पैसे घेणार नाही. बिलाची रक्कम मात्र परत मिळणार नाही.