तिळाएवढी फुली

आज संध्याकाळी कामावरून घरी आले, तेव्हा अण्णांचा फोन बंद करून देवघराशेजारच्या कपाटात, उपरण्याच्या घडीखाली ठेवलेला होता. "त्याला हात लावू नकोस, त्यात व्हायरस शिरला आहे," असे त्यांनी मला चपला काढतानाच बजावले आणि मग खाली बघत हळूच म्हणाले, "माझ्याच हातून बिघडला गं." हे शेवटचे वाक्य ऐकल्यापासून माझे डोके जे तापले आहे, ते जेवण झाले तरी शांत झालेले नाही. म्हणून ही लांबलचक पोस्ट लिहीत आहे. ज्यांना वेळ नसेल त्यांनी खुशाल पुढे जावे.

पावसाळा सुरू झाला की अण्णा रोज दुपारी टेमघर, वरसगाव, पानशेत आणि खडकवासला या चार धरणांचा साठा बघतात. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, तेव्हा ते नऊ वर्षांचे होते आणि आमचे घर पुण्यात नारायण पेठेत होते. त्यामुळे मुठा नदीत किती क्यूसेकने पाणी सोडले, हे समजल्याशिवाय त्यांना दुपारची झोप लागत नाही. आजही त्यांनी नेहमीप्रमाणे एक बातमी उघडली. मथळा दिसला, पण आकडा दिसण्याआधीच गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात पडदाभर पसरली. ती बंद करण्याची फुली वरच्या कोपऱ्यात होती, तिळाएवढी, करड्या पट्टीवर करड्याच रंगात. अण्णांना गेली चार वर्षे कंपवात आहे. उजव्या हाताची तर्जनी डाव्या हाताच्या चिमटीत धरून ते असल्या फुलीवर नेम धरतात, आणि बोट टेकणार एवढ्यात पान खाली सरकते व बोटाखाली नेमकी जाहिरात येते. आज तसेच झाले. पुढे जे पान उघडले, त्यावर लाल अक्षरांत फोनमध्ये तेरा व्हायरस असल्याचा इशारा होता आणि हातातला फोन थरथरू लागला. आधीच थरथरणाऱ्या हातात थरथरणारा फोन, आणि घरात दुसरे कोणी नाही.

फोनला काहीही झालेले नव्हते, हे वेगळे सांगायला नको.

जे दोन वर्षांपूर्वीच करायला हवे होते, ते मी आज चहा उकळेपर्यंतच्या वेळात केले. अँड्रॉइड फोनवरच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, बसवता येत नाही, म्हणून फायरफॉक्स हा दुसरा ब्राउझर उतरवून घेतला आणि त्यात यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारे एक्स्टेन्शन बसवले. आपण एक पान उघडतो, तेव्हा ते पान आपल्या नकळत भलत्याच सर्व्हरांकडे जाहिराती आणि आपल्यावर पाळत ठेवणारे कोड मागत असते. या एक्स्टेन्शनकडे अशा पत्त्यांच्या याद्या असतात आणि स्वयंसेवक त्या सतत अद्ययावत करत असतात. यादीतल्या पत्त्याकडे निघालेली मागणी फोनमधून बाहेरच पडत नाही, आणि पानावर उरलेल्या रिकाम्या चौकटीही झाकल्या जातात. मी दुपारचीच ती बातमी पुन्हा उघडली आणि किती मागण्या अडवल्या ते बघितले, तर आकडा पन्नासच्या पुढे गेलेला होता. अण्णांना धरणाचा एक आकडा हवा होता, आणि तो देण्याआधी त्या पानाला पन्नासहून अधिक मागण्या बाहेर पाठवायच्या होत्या.

हे वाचून आमच्या ग्रुपमधला एक मित्र नेहमीचे वाक्य टाकणार, हे मला ठाऊक आहे, कारण मागच्या दिवाळीत आमच्याच दिवाणखान्यात बसून त्याने ते टाकले होते: जाहिरात अडवणे म्हणजे चोरी. आपल्या सोसायट्यांच्या फाटकावर "विक्रेत्यांना आवारात प्रवेश नाही" अशी पाटी असते, ती लावताना ठराव कोणी मांडला आणि अनुमोदन कोणी दिले, हेही आपण इतिवृत्तात लिहून ठेवतो. त्या पाटीला आजवर कोणी चोरी म्हटलेले नाही. फोन अण्णांचा आहे, डेटाचे पैसे ते भरतात, आणि बोटही त्यांचेच आहे. खरे तर त्या बोटाची चूक व्हावी अशाच बेताने ती फुली तिळाएवढी काढलेली असते आणि त्या चुकीचे कोणाला तरी पैसे मिळतात. मग चोर कोण?

हा मित्र एका वृत्तसंस्थळावर उपसंपादक आहे आणि त्याचा पगार याच जाहिरातींतून निघतो, हे मान्य करते. बातमीदाराला फुकटात राबवावे असे मी म्हणत नाही. दोन ठिकाणची वर्गणी मी दरवर्षी भरते, आणि ज्या संस्थळांवरच्या जाहिराती एका जागी गप्प बसतात, त्यांच्यापुरते एक्स्टेन्शन बंद ठेवते. त्यासाठी एक बटण असते.

मुळात आमच्या घरात जाहिरातीशी वैर कधीच नव्हते. रविवारच्या पेपरातल्या छोट्या जाहिराती अण्णा लाल पेन्सिलीने खुणा करत वाचायचे. आमचे शिलाई मशीन आणि माझी पहिली सायकल अशाच खुणांमधून घरात आली. त्या जाहिराती जिथे छापल्या होत्या तिथेच असायच्या. अण्णा अग्रलेख वाचत असताना त्यातली एखादी उठून त्यांच्या चष्म्यासमोर येऊन उभी राहिली नाही, आणि त्यांनी शेजारच्या घरी काय पाहिले, हे तिने कोणाला सांगितले नाही.

इतरांचे सोडा, पॉप-अप जाहिरातीचा कोड ज्यांनी सुरुवातीला लिहिला, त्या एथन झुकरमन यांनी स्वतःच २०१४ मध्ये त्याबद्दल जाहीर माफी मागितली आहे. आपल्याकडेही नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ग्राहकाला चकवणाऱ्या तेरा युक्त्यांची यादी करून त्यांवर बंदी घातली. बातमीचे किंवा दुसऱ्या कशाचे सोंग घेऊन आलेली जाहिरात त्या यादीत आहे, आणि सतत पिच्छा पुरवणेही आहे. त्यानंतरही आमच्या घरात, भर दुपारी, एका म्हाताऱ्या माणसाने स्वतःचा फोन उपरण्याखाली लपवला. दुसरीकडे, ज्या गूगलचा मोठा धंदाच जाहिरातींवर चालतो, त्याच्या क्रोमने जुन्या पद्धतीची एक्स्टेन्शने बंद केली, त्यात संगणकावरचे मूळ यूब्लॉक ओरिजिनही गेले आणि तिथे आता त्याची हलकी आवृत्ती वापरावी लागते. सुरक्षिततेसाठी हे केले, असे ते सांगतात. असेलही. हे एक्स्टेन्शन लिहिणारे रेमंड हिल मात्र देणगीसुद्धा घेत नाहीत.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला आहे आणि त्याच्या जागी आता शरम वाटते आहे, कारण माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर हे सगळे कित्येक वर्षांपासून आहे. अण्णा अधूनमधून "हल्ली बोट नीट चालत नाही" म्हणायचे, तेव्हा मी गोळीची वेळ विचारायचे. फोन कधी बघितला नाही.

चहानंतर फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी सवयीने तर्जनी चिमटीत धरली, पडद्याच्या वरच्या कोपऱ्याशी नेली आणि तिथेच थांबले. "फुली कुठे गेली?" त्यांनी विचारले. आता फुली लागणार नाही, असे सांगितले, तरी बोट थोडा वेळ तिथेच होते. मग त्यांनी सगळी बातमी सावकाश, मोठ्याने वाचली, चारही धरणांचे आकडे कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहून ठेवले आणि मला म्हणाले, "विसर्ग वाढवला आहे. उद्या भिडे पुलावरून जाऊ नकोस."