प्रत्येक सेट ‘फेल्युअर’पर्यंत मारायची गरज नाही

पेडण्यापासून फोंड्यापर्यंत जिमवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज सारखा फिरतोय. आशय असा: छाती-खांद्याच्या दिवशी प्रत्येक सेट (न थांबता सलग केलेल्या आवृत्त्यांचा एक फेरा) हात गळून पडेपर्यंत, म्हणजे ‘फेल्युअर’पर्यंत मारा, दुसऱ्या दिवशी दुखलं नाही तर व्यायाम फुकट, दुखणं म्हणजे साठलेलं लॅक्टिक अ‍ॅसिड, ते आणखी व्यायाम करून बाहेर काढा, आणि जितका घाम तितकी चरबी कमी. नवी पोरं हे खरं मानून बेंचवर आडवी होतात, म्हणून हे लिहितोय.

लॅक्टिक अ‍ॅसिडचं आधी निकालात काढू. सेट चालू असताना लॅक्टेट (ज्याला लोक लॅक्टिक अ‍ॅसिड म्हणतात ते) वाढतं, पण व्यायाम संपल्यावर साधारण तासाभरात ते पूर्ववत होतं. नंतरचा ठणका 24 ते 72 तासांत शिगेला पोहोचतो. तो स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीक इजेचा असतो आणि वजन खाली आणतानाच्या ताणाने जास्त येतो. सवय नसलेला व्यायाम केला की कुणाचंही अंग दुखतं. तोच काही आठवडे नेमाने केला की दुखणं कमी होतं, ताकद मात्र वाढत राहते. मग दुखण्यावरून प्रगती कशी मोजणार?

माझा खरा आक्षेप आहे तो ‘प्रत्येक सेट फेल्युअर’वर. मेहनत हवीच, शेवटचे रेप (वजन एकदा वर-खाली केलं की एक रेप) जड जायलाच हवेत. पण एक-दोन रेप हातचे राखून थांबलं म्हणून ताकद कमी वाढत नाही. उलट पहिल्याच सेटला सगळं संपवलं की पुढच्या सेटचे रेप घटतात. बेंच प्रेसला (बेंचवर उताणं पडून छातीवरून बार वर ढकलायचा व्यायाम) शेजारच्याकडे नीट बघा. बार हळू वर जातोय, इथवर ठीक. पण एक हात मागे पडला, कोपरं बाहेर फाकली, कंबर बेंचवरून उचलली गेली, की सेट तिथेच संपवायचा. खांद्याची खोबण उथळ असते. चार छोटे स्नायू दंडाच्या हाडाचा गोळा तिच्यात जागेवर धरून ठेवतात. ते थकल्यावर रेटत राहणं म्हणजे सांध्याशी खेळ. आणि स्पॉटर (बार धरायला डोक्याशी उभा साथीदार) किंवा सेफ्टी पिन (बार अंगावर पडू न देणारे आडवे दांडे) नसताना बेंचवर फेल्युअरला जाणं तर जिवाशीच खेळ.

जड सत्र निभवायचं ते असं: मोठे व्यायाम आधी, जड सेटमध्ये दोन-तीन मिनिटं विश्रांती, आणि ठरलेले रेप सहज व्हायला लागले की वजन 2 ते 10 टक्के वाढवायचं.

आता घाम. तो अंग थंड करायला येतो. मे महिन्यात आपल्या दमट हवेत तो वाळत नाही, नुसता निथळतो. अंग तापतं, ठोके वाढतात. काट्यावर कमी दिसतं ते पाणी. मधे मधे पाणी प्या. सकाळी मीठ घातलेली पेज घेतलीत तर पाणी, मीठ आणि पिष्ट तिन्ही मिळतं.

‘आणखी व्यायाम करून दुखणं काढा’ हा सल्ला सगळ्यात घातक. साध्या ठणक्याला हलकी हालचाल चालते. पण दंड सुजलाय, कोपर सरळ होत नाही, लघवी काळ्या चहासारखी होतेय, तर स्नायू फुटून त्यातले घटक रक्तात उतरत असू शकतात आणि मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. तेव्हा जिम नाही, मालीश नाही. त्याच दिवशी बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) किंवा जवळच्या इस्पितळात जा आणि डॉक्टरांना व्यायामाचं आधी सांगा.